अंधारातला सोलो

गुरप्पा बिराजदाराचं डोकं फिरलं ते न्हाव्याच्या खुर्चीत. अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या गालाला साबण होता आणि समोर आरशाखाली कुणीतरी टाकून गेलेला पेपर पडला होता. पेपरात फोटो. फोटोत निळा ड्रम सेट, मधल्या मोठ्या ड्रमच्या तोंडावर पिवळ्या अक्षरांत 'ऑर्केस्ट्रा अभिमन्यू'. खाली मजकूर: सात रस्त्याजवळ 'तालघर' सुरू, नामवंत वादकांनी वाजवलेले ड्रम एका छताखाली, 'अंधारातला सोलो' गाजवणारे तालसम्राट अभिमन्यू यांचा सेट मुख्य आकर्षण.

"थांब," गुरप्पा न्हाव्याला म्हणाला. "पूस हे."

"आप्पा, अर्धी ऱ्हायली की अजून."

"ऱ्हाऊ दे म्हणलं न्हवं का! पुसून काढ."

एकाहत्तर वर्षांचा माणूस. निम्मं आयुष्य भुसार दुकानाच्या तराजूमागं गेलेलं, कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा, गल्लीत कुणावर आवाज चढवल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. असा माणूस एक गाल गुळगुळीत नि एका गालावर पांढरे खुंट अशा अवतारात, पेपर काखेत मारून रिक्षात बसतो आणि "सात रस्ता, चल" म्हणतो, म्हणजे काहीतरी मोठंच बिनसलेलं असणार. बिनसलंच होतं. चाळीस वर्षं बिनसलेलं होतं, आज ते पेपरात छापून आलं एवढंच.

आता हे बैजवार सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हाताऱ्याला भ्रम झाला.

घरोघर टीव्ही यायच्या आधी सोलापूर जिल्ह्यात ऑर्केस्ट्राचं पीक आलं होतं. गणपती असो, जत्रा असो, कुणाचं लग्न असो, ऑर्केस्ट्रा पाहिजेच. त्यात नाव घ्यावं ते अभिमन्यूचं. उंचापुरा गडी, मानेवर रुळणारे केस, शर्टाची वरची तीन बटणं उघडी. वैरागपासून नातेपुत्यापर्यंत पोरंही त्याच्यावर खूश आणि पोरीही. ड्रम वाजवायचा बरा. वाईट नव्हता, साधा ठेका धरून गाणं सांभाळायचा. पण सोलो त्याच्या हातात नव्हता, आणि ते त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. माणूस लबाड असेल, मूर्ख नव्हता.

सोलो होता गुरप्पाच्या हातात. शाळेच्या बँडमध्ये ड्रम गळ्यात पडला तेव्हापासून. शाळा सुटली, हात सुटला नाही. दुकानामागच्या गोदामात तेलाचे रिकामे डबे, एक पत्र्याचं झाकण आणि दोन काड्या. दुपारी बाप जेवून आडवा झाला की ह्याचं सुरू. एकदा अभिमन्यू ज्वारी न्यायला आला आणि गोदामाच्या दारात उभा राहिला. अर्धा तास उभाच. जाताना ज्वारी विसरून गेला.

दुसऱ्या दिवशी परत आला. म्हणाला, "गुरप्पा, माझ्याकडं सोलो वाजव."

"बाप तंगडं मोडंल."

बापाचं नाव सिद्रामप्पा. रोज पहाटे पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी न घालणारा, आणि आपल्या घरातला पोरगा चारचौघांत बसून कातडं बडवतो, हे ऐकूनच ज्याला झीट आली असती असा. "आन बापानं न्हाय बघितलं तर त्याचं गिऱ्हाईक बघंल," गुरप्पा म्हणाला. "वैराग, बार्शी, सगळीकडचा माल आमच्याकडं येतो. रात्री स्टेजवर दिसलो की सकाळी दुकानात बातमी."

"मग कसं करायचं?"

आणि इथं, ह्या जागी, गुरप्पानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. म्हणाला, "दिवं घालवा. मग वाजवतो."

झालं. वैरागच्या जत्रेत पहिल्यांदा दिवे गेले. काड्यांना रेडियमचा रंग लावलेला, त्यामुळे अंधारात फक्त दोन हिरव्या रेघा नाचताना दिसायच्या. दिवे गेले की अभिमन्यू स्टुलावरून घसरून मोठ्या ड्रमआड आडवा व्हायचा आणि मागच्या पडद्याखालून काळा शर्ट घातलेला गुरप्पा रांगत येऊन त्या स्टुलावर बसायचा. सात मिनिटं वाजवायचं. झांजेचा शेवटचा दणका बसला की टाळ्यांच्या कल्लोळात आठ मोजायचे, तेवढ्यात गुरप्पा उतरणार, जाता जाता तांब्याभर पाणी अभिमन्यूच्या डोक्यावर ओतणार, आणि दिवे लागतील तेव्हा अभिमन्यू घामानं निथळत, हात वर करून बसलेला. लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचायचे. पडद्यामागं रिकामा तांब्या धरून बसलेल्या गुरप्पाला पहिल्या वर्षी तर त्याचा आनंदच झाला. बापाला कळलं नाही ना, मग सुटलो.

घरात त्यानं सांगितलं होतं, ऑर्केस्ट्रात लायटिंगच्या बटणावर असतो. बटण दाबायला कुणाची हरकत नसते. आणि गंमत बघा, ते कातडं नव्हतंच. त्या ड्रमवर प्लास्टिकचा पडदा होता. सिद्रामप्पांनी कधी विचारलं नाही नि ह्या शहाण्यानं कधी सांगितलं नाही.

शहाऐंशी साली बाप गेला. तेरावा दिवस झाला आणि गुरप्पा नातेपुत्याच्या शोला जाऊन अभिमन्यूला म्हणाला, "आता दिवा लावून वाजवतो मी."

अभिमन्यूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गुरप्पा, लोक आता अंधार बघायलाच येत्यात रं. दिवा लावला तर तू दिसशील, ते ठीक हाय. पण मी पण दिसंन की."

अभिमन्यू वाईट माणूस नव्हता, हेच तर दुखणं. शो संपला की कपडे बदलायच्या खोलीत दार लावून तो गुरप्पाच्या पाया पडायचा. दार लावून. गुरप्पा आणखी आठ वर्षं पडद्याखालून रांगत राहिला, कारण ती सात मिनिटं त्याला दुसरीकडं कुठं मिळणार नव्हती. मग डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला, गुरप्पा तराजूमागं बसला. तीन वर्षांमागं अभिमन्यू वारला तेव्हा पेपरात 'तालसम्राट' असंच आलं होतं. तेव्हाही गुरप्पा गप्प बसला. मेलेल्या माणसाशी काय भांडायचं? पण आता त्यांनी वाद्यालाच नाव दिलं होतं. माणसं मरतील, बघणारी मरतील, आणि तो सेट काचेत बसून पुढच्या शंभर वर्षांना खोटं सांगत राहील. हे मात्र त्याला सोसवेना.

तालघर होतं टॉवेलच्या एका मोठ्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर. मालक बसवेश कलशेट्टी, चाळिशीचा, मऊ बोलणारा, चष्मा सारखा पुसणारा. कारखाना बापानं उभा केलेला. ह्यानं त्या पैशात जन्मभराचं वेड पोसलेलं. काचेआड बारा वाद्यं. तमाशातल्या एका गाजलेल्या ढोलकीवाल्याची ढोलकी, जुन्या बँडमधला गळ्यात अडकवायचा ड्रम, मुंबईच्या स्टुडिओत तीस वर्षं वाजवलेल्या एका नामांकित वादकाचा लाल सेट. प्रत्येकापुढं पितळी पट्टी, पट्टीखाली माहितीचं कार्ड. एकदा एकानं त्याला कुणा मोठ्या वादकाची म्हणून ढोलकी विकली. चार महिन्यांनी ती त्याची नव्हेच असं कळलं, तर बसवेशनं ती उचलून परत पाठवली. खोटं चालायचं नाही त्याला.

अर्ध्या दाढीचा म्हातारा दारात बघून तो उठून उभा राहिला. "या काका, बसा. पाणी घेता?"

"पाणी लई वतलंय मी," गुरप्पा म्हणाला. "ह्या निळ्या सेटवरचा सोलो अभिमन्यूनं वाजवला असं कुणी सांगितलं तुमाला?"

"त्यांच्या मुलानं. आणि त्यात सांगायचं काय काका, अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे."

"जिल्हा अंधारात बसला व्हता."

मग गुरप्पा बोलला. चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं, काळा शर्ट, रेडियम, तांब्या, आठ आकडे. बोलताना एका गालावरचा सुकलेला साबण खाजवत होता. बसवेशनं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी चष्मा पुसत म्हणाला, "काका, रागावू नका. असं सांगणारे मला खूप भेटतात. पुरावा काय?"

"ह्या बारक्या ड्रमची कड बघा. डाव्या अंगानं झिजलीय का न्हाय?"

बसवेशनं कार्डाकडं बघितलं. कड डावीकडून झिजली होती, हे त्याला माहीत होतं. त्यानं त्यावर पंधरा दिवस डोकं खपवलं होतं आणि कार्डावर लिहूनही टाकलं होतं: 'उस्ताद दोन्ही हातांनी सारख्याच ताकदीनं वाजवत, हे कडेच्या झिजेवरून दिसून येतं.'

"अभिमन्यू उजव्या हाताचा," गुरप्पानं डावा हात पुढं केला. "मी डावखुरा. सेट त्याच्या सोयीनं मांडलेला असायचा, आठ आकड्यात मी काय काय हलवणार? मग तसाच आडव्या हातानं वाजवायचो. दिवं घालवा. दावतो."

बसवेशनं खिडक्यांचे पडदे ओढले, दिवे बंद केले. भर दुपारी काळोख झाला. काच सरकल्याचा आवाज आला, मग स्टूल करकरलं.

पहिल्या दणक्यालाच काडी हातातून सुटून कुठंतरी घरंगळत गेली. "आयला," अंधारातून आवाज आला. बसवेशनं चाचपडून दुसरी दिली. परत सुरू, परत अडखळला. मनगट तीस वर्षं पोती उचलून आखडलेलं, पायाला पेडल जड जात होतं. बसवेशला वाटलं, बिचाऱ्याला आता थांबवावं. आणि तेवढ्यात ते आलं. बारक्या ड्रमवर एक बारीक थरथर सुरू झाली, डावीकडून उजवीकडं सरकत गेली, मोठा ड्रम खालून एकेक ठोका देत राहिला, आणि मग गुरप्पाला ना वय राहिलं ना मनगट. वैराग होतं, नातेपुतं होतं, पुढं पाच हजार माणूस श्वास धरून बसलं होतं. खालच्या शोरूममधलं गिऱ्हाईक टॉवेल हातात धरून जिन्यात आलं. किती वाजवलं? सात नाही, दोन-तीन मिनिटं असतील. शेवटी झांजेवर दणका बसला आणि गुरप्पा सवयीनं आठ मोजत गप्प बसून राहिला.

दिवे लागले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दिवे लागले आणि स्टुलावर गुरप्पा होता. घामानं भिजलेला, स्वतःच्या घामानं.

बसवेशचे डोळे भरले होते. तो वाकून पाया पडला, आणि दार उघडं होतं. "काका, ही पट्टी काढलीच पाहिजे," तो म्हणाला. "खोट्या नावाखाली मी एक काडीसुद्धा ठेवत नाही." आणि त्यानं तिथल्या तिथं पेचकस मागवून 'तालसम्राट अभिमन्यू' काढून टेबलावर ठेवला.

"मग आता माजं नाव...?"

"तुम्ही रविवारी या. मला जरा नीट बघू द्या."

गुरप्पानं ते ऐकलं आणि आपल्याला हवं तसं ऐकलं. सुखात माणसाचे कान जरा मंदच होतात.

घरी आला तर बायको पार्वतम्मा दारात बसून डाळ निवडत होती. त्याचा अर्धा चेहरा बघून तिनं सूप खाली ठेवलं. "यप्पा! हे काय रूप? कुटं गेलता?"

गुरप्पानं सांगितलं. आधी तिला वाटलं, ऊन लागलं. मग त्यानं परात उपडी घातली, दोन लाटणी घेतली आणि वाजवून दाखवलं. पार्वतम्मा तोंडाला पदर लावून हसत सुटली, हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग एकदम भडकली.

"चाळीस वर्सं! चाळीस वर्सं मी गल्लीत सांगते, आमचे हे लायटीवर व्हते. मला सांगायला काय झालं व्हतं तुमाला? मी काय तुमच्या बापाला सांगणार व्हते?"

"तुज्या पोटात काय ऱ्हातंय का?"

"ते बी खरंच," ती म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत तिनं गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. शेजारची मायाक्का साखर घेऊन आली. समोरचा जोतिराम, जो वीस वर्षं गुरप्पाला नुसता मान हलवून नमस्कार करायचा, तो घरात येऊन बसला आणि चहा पिऊन गेला. कुणी खरं मानलं, कुणी तोंडावर बरं म्हणालं. गुरप्पा म्हणायचा, "रविवारी पट्टी लागू दे, मग बघा म्हणा." त्याला आता दुसरं काही नको होतं. हातभर लांबीची पितळी पट्टी, तिच्यावर तीन शब्द, आणि पार्वतम्मानं ते वाचावेत.

रविवारी दोघं निघाली. गुरप्पाची दाढी ह्या खेपेला पुरती झालेली. पार्वतम्मा जांभळं इरकल नेसली होती, केसांत अबोली. रिक्षात तिनं तीन वेळा विचारलं, फोटो काढू देतील का. जिना चढताना गुरप्पा तिच्या पुढं होता, आणि वर पोचल्यावर पहिल्यांदा त्यालाच दिसलं.

काचेची ती जागा रिकामी होती. सेट खाली जमिनीवर, एका जुन्या चादरीवर मांडला होता. एक कारागीर मांडी घालून बसला होता, मांडीवर निळा ड्रम, हातात पेचकस. शेजारच्या वाटीत नट-बोल्ट साठत होते. एका ड्रमचं तोंड उघडं करून ठेवलं होतं, आतलं लाकूड दिसत होतं.

"हे काय चाललंय?"

बसवेश घाईनं पुढं आला. पार्वतम्माला त्यानं नमस्कार केला, खुर्ची दिली. मग गुरप्पाला जरा बाजूला घ्यायला लागला, पण गुरप्पा जागचा हलला नाही, म्हणून मग सगळ्यांसमोरच बोलला.

"काका, मी आठ दिवस झोपलो नाही. तुम्ही वाजवलंत त्याला तोड नाही. पण माझा संग्रह नामवंतांचा आहे. ज्या सोलोनं हा सेट गाजला तो अभिमन्यूंनी वाजवलेला नाही, हे आता मला कळलं, तर त्यांचं नाव ठेवणं लबाडी होईल. आणि तुमचं नाव..." त्यानं चष्मा काढला. "राग मानू नका काका. तुमचं नाव कुणाला माहीत नाही. लोक पट्टी वाचतील आणि विचारतील, हे कोण?"

"म्हाईत न्हाय म्हणूनच लिवा की! वाचल्याबिगर कसं म्हाईत हुणार?"

"मी नाव करून देणारा नाही काका. ज्यांचं झालंय त्यांचं जपणारा आहे. तेवढंच मला येतं."

"आन मग हे का खोलताय?"

"त्या लाल सेटच्या ड्रमांची लाकडी पिंपं तडकली आहेत. तसलं जुनं लाकूड आता मिळत नाही. ह्याचं त्याला बरोबर बसतं." बसवेशचा आवाज खरंच कळवळलेला होता. "वाया नाही जाणार काका. मोठ्या माणसाच्या सेटला लागतंय."

गुरप्पा त्या कारागिराच्या हाताकडं बघत होता. पेचकस फिरत होता. बारक्या ड्रमची ती डावीकडून झिजलेली कड सुटी होऊन चादरीवर पडली होती, नुसती लोखंडाची रिंग.

"मला द्या," तो म्हणाला. "घरी नेतो."

"स्टॅन्ड न्या, झांजा न्या, पेडल न्या. पिंपं तेवढी लागतात मला."

"पिंपांबिगर काय नेऊ? झांजा काय गळ्यात अडकवू?"

"आन घरात ठेवायचं कुटं?" पार्वतम्मा मागून हळूच म्हणाली. "दोन खोल्या हायत. माज्या डोक्यावर ठेवायचं का?" तिला अजून नीट समजलं नव्हतं. ती पट्टी शोधत होती.

गुरप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. बसवेशला धरून हलवावं, असं वाटलं. पण धरणार कशासाठी? माणूस खोटं बोलत नव्हता, फसवत नव्हता. खरं ऐकून घेतलं, खऱ्याच्या पाया पडला आणि खऱ्यासाठीच आता सेट फोडत होता. म्हणजे आपण तोंड उघडलं नसतं तर हा सेट शंभर वर्षं काचेत सुखानं बसला असता. एकदा आपणच दिवे घालवायला सांगितले, आणि आता आपणच लावायला सांगितले. दोन्ही वेळा तोंडघशी आपणच. कारागिरानं मोठा ड्रम पुढं ओढला आणि त्याच्या पोटात हात घातला.

"थांब," गुरप्पा म्हणाला.

कारागीर थांबला.

"कलशेट्टी, मी थाप मारली."

"काय म्हणालात?"

"थाप मारली म्हणतो. वाजवायचा अभिमन्यूच. मी लायटीच्या बटणावर असायचो. दिवं घालवायचो, लावायचो, शेवटी त्याच्या डोक्यावर पाणी वतायचो, घाम दिसावा म्हणून. तेवढंच माजं काम." तो कुणाकडंच बघत नव्हता. "पेपरात त्याचा फोटो बघितला, जळफळाट झाला. म्हातारपणी येतं डोक्यात कायबी."

"पण तुम्ही वाजवलंत ते? मी स्वतः ऐकलं काका."

"त्यानंच शिकवलं. बारा वर्सं मागं बसून बघितलं तर दगडाला बी येईल. अडखळलो न्हाय का दोनदा? त्यो कदी अडखळला व्हता?"

बसवेशनं चष्मा डोळ्यांवर चढवला. त्याच्या चेहऱ्यावर जीव आला होता. आठ दिवसांनी आला असावा. एक शेवटची शंका मात्र त्याला सोडवेना, कारण माणूस प्रामाणिक. "आणि ती कड? डावी झीज?"

गुरप्पानं आपल्या डाव्या हाताकडं बघितलं. मग तो हातही देऊन टाकला.

"अभिमन्यू मूळचा डावखुराच," तो म्हणाला. "लोकांत उजव्यानं वाजवायचा. खरा हात अंधारातच काढायचा त्यो. मी त्याचंच बघून तसा शिकलो."

"अरे वा!" बसवेशच्या तोंडून निघूनच गेलं. "म्हणजे मी कार्डावर लिहिलं ते जवळपास बरोबर होतं की!" तो टेबलाकडं धावला, जुनं कार्ड फाडलं, नवं घेतलं आणि उभ्या उभ्या लिहायला लागला. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत होता: उस्ताद अभिमन्यू हे मूळचे डावखुरे असून, ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर रसिकांपासून लपवून ठेवली. मग वळून म्हणाला, "काका, तुमचं नावही घालू का खाली? माहिती सौजन्य म्हणून?"

"नगं," गुरप्पा म्हणाला.

कारागीर वाटीतले बोल्ट परत एकेक करून बसवायला लागला. गुरप्पा तिथंच उभा राहिला. रिंग बसली, ड्रम काचेआड गेला, टेबलावरची पट्टी उचलून जागेवर लागली, चारही स्क्रू घट्ट झाले, तोवर उभा राहिला. स्टूल किंचित उंच ठेवलं होतं. त्यानं सांगून दोन बोटं खाली घ्यायला लावलं. अभिमन्यू एवढंच ठेवायचा, म्हणाला.

पार्वतम्मा खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. निघताना बसवेशनं दोघांना एकेक टॉवेल दिला, तो तिनं घडी न मोडता पिशवीत टाकला.

जिन्यात अर्ध्यावर ती थांबली.

"खरं काय त्यातलं?" तिनं विचारलं.

गुरप्पाच्या ओठांवर आलं होतं. पण ही बाई आज संध्याकाळी मायाक्काला सांगणार, उद्या जोतिराम ऐकणार, परवा कुणीतरी टॉवेल घ्यायला इथं येणार आणि वर जाऊन बोलणार. मग परत पेचकस.

"सगळी थाप," तो म्हणाला.

ती त्याच्याकडं बघत राहिली, अबोली एका बाजूला घसरलेली. त्याला आशा होती. आता ही भांडेल, म्हणेल, खोटं बोलताय, मी परातीवर ऐकलंय की ह्या कानांनी. एवढं एक माणूस म्हणालं असतं तरी त्याला पुरलं असतं.

"मला वाटलंच व्हतं," पार्वतम्मा म्हणाली. रागानं नाही, मायेनं म्हणाली. "होग्ली बिड्री, जाऊ द्या. ह्या वयात हुतं असं मानसाला. गल्लीत मी सांगते काय ते, तुमी नगा बोलू." आणि त्याचा डावा हात आपल्या हातात धरून, सांभाळून, ती त्याला एकेक पायरी खाली उतरवायला लागली.